खुरसाजवळचा दिवा

वसई
७ डिसेंबर २०२५

दत्तप्रसाद,

वर ‘प्रिय’ लिहायला हात उठला नाही, म्हणून नुसतं नाव. मी फ्लाव्हिया. खारवाडीतल्या लॉरेन्स पाववाल्याची मुलगी, तुमच्या कुंपणाला कुंपण लागून होतं त्या घरातली. सहावीपर्यंत आपण एका वर्गात होतो. आठवत नसेल तर आठव.

तुझ्या ‘आठवणीतली खारवाडी’ या फेसबुक ग्रुपवर मी ऑगस्टपासून आहे. बोलत नाही, नुसती बघते. खरं तर मांयला दाखवायला बघते. ती अठ्ठ्याऐंशीची आहे, गुडघे गेलेत, पण डोळे शाबूत आहेत. तू आपल्या विहिरीचा फोटो टाकलास तेव्हा तिने मोबाइल हातात घेतला आणि तासभर परत दिला नाही. रहाटाची जागा बदलली म्हणून तुमच्या वाडीवर रागावली. किनाऱ्यावरचा खुरीस, आमचा क्रूस, दिसला तेव्हा तिने मोबाइलच्या काचेला हात लावून कपाळाला लावला. चोपन्न वर्षांनी तिला तिचं गाव भेटत होतं, आणि ते तुझ्यामुळे, हे मी नाकारत नाही. मी तुला आभाराचं पत्र लिहायचं ठरवलं होतं.

मग चार तारखेला, नौदल दिनाच्या मुहूर्तावर, तू एकाहत्तरच्या लढाईची आठवण लिहिलीस. ब्लॅकआउट, काचांना काळा कागद, रेडिओभोवती जमलेली माणसं. मी मांयला मोठ्याने वाचून दाखवत होते. वाचताना पुढची ओळ आधी बघायची सवय नाही मला. “आणि आमच्या वाडीत तर चक्क हेर सापडला! खुरसाजवळ दिवा दाखवून पाकिस्तानी पाणबुडीला खुणा करायचा. वर गुप्त भाषेत बोलायचा: ओरा पोनोबी, ओरा पोनोबी! आमच्या बाबांच्या गस्तीने मुद्देमालासकट पकडला.” खाली हसून लोळणारी तोंडं, शेकड्याने. कुणी विचारलंय, “पाववाला ना?” त्यावर तू डोळा मारलेलं तोंड टाकलं आहेस.

दत्तप्रसाद, ती गुप्त भाषा होती? ती लादाइन होती. सायबिणीची, म्हणजे मरियामातेची, आळवणी. एकजण सायबिणीचं एकेक नाव घेतो आणि बाकीचे ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणतात, आमच्यासाठी विनवणी कर, एवढाच त्याचा अर्थ. दर मे महिन्यात त्याच खुरसापाशी लादाइन व्हायची आणि संपल्यावर उकडलेले चणे वाटायचे. सगळी वाडी यायची. आणि चणे जास्त मिळावेत म्हणून सगळ्यांत मोठ्याने ‘ओरा पोनोबी’ ओरडणारा मुलगा कोण होता? तू. माझ्या पापाने तुझ्या चड्डीचे दोन्ही खिसे भरून चणे दिलेले मी पाहिलेत. आणि तुला ती भाषा गुप्त वाटली?

ज्यांना माहीत नव्हतं त्यांचं मी समजू शकते. तुम्हाला माहीत होतं.

वाचून झाल्यावर मांयने मोबाइल हाताने बाजूला सारला आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या दिवसापासून तिने ग्रुप बघायला मागितलेला नाही. मला एवढंच हवंय: ते लिखाण काढ, आणि त्याच ग्रुपवर, तुझ्या नावाने, लिही की लॉरेन्स हेर नव्हता. मांयच्या डोळ्यांदेखत. तिच्याकडे फार वेळ नाही.

फ्लाव्हिया


खारवाडी, ता. मालवण
१० डिसेंबर २०२५

प्रिय फ्लावू,

तुझा मेल वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू! रागाने भरलेला का असेना, पण तुझा! तुझं अक्षर मेलमध्ये दिसत नाही, पण चिडकेपणा तस्साच आहे. सहावीत माझी दौत सांडली होतीस, आठवतं? मी हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झालो, बायको सारिकाही शिक्षिकाच होती. आता दिवसभर ग्रुप आणि संध्याकाळी समुद्रावर फेरी.

अगं, इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं. मी लॉरेन्सकाकांचं नाव कुठे घेतलं? आणि घेतलं असतं तरी काय, लोक प्रेमानेच हसलेत. त्या काळी सगळेच घाबरलेले होते. कंदील दिसला की पाणबुडी, विमान दिसलं की बॉम्ब. मी ते गमतीच्या अंगाने लिहिलंय. नव्या पिढीला कोरडा इतिहास नको असतो, मसाला लागतो. आजवरच्या माझ्या सगळ्या लिखाणात याला जास्त प्रतिसाद मिळाला. दुबईहून फोन आले!

उलट तुला एक आनंदाची बातमी देतो. माझा पुतण्या मंगेश, शंकरकाकांचा नातू लागतो तो, त्याने किनाऱ्यावर होमस्टे काढलाय. माझी ती आठवण वाचून त्याला कल्पना सुचली. खुरसाजवळ तो एक छान बोर्ड लावणार आहे, ‘स्पाय पॉइंट १९७१’. पर्यटक फोटो काढतील. म्हणजे तुमच्या खुरसाकडे आता कुणी बघत नाही, तिथे वर्दळ होईल. तू आणि तुझी आई, अ‍ॅनीमावशी, दोघी या. मंगेश तुमच्याकडून खोलीभाडं घेणार नाही, मी सांगितलंय त्याला.

शंकरकाका पाच वर्षांपूर्वी गेले. नौदलातला माणूस, शेवटपर्यंत ताठ चालायचे. युद्धात त्यांचा पत्ता नव्हता तेव्हा आमच्या घरात चूल पेटत नव्हती. बाबांनी देवळात गाऱ्हाणं घातलं आणि जानेवारीत काका सुखरूप परत आले. वाडीने ढोल वाजवत आणलं होतं, तूही असशील त्या गर्दीत.

आई एकोणनव्वदची आहे. ती पोस्ट मी तिलाही वाचून दाखवली. तिने तोंड फिरवलं आणि दुपारचं जेवली नाही. वय झालंय, हल्ली काय खुपेल सांगता येत नाही. पण तुमची चौकशी नेहमी करते.

राग सोड. फोटो पाठव.

तुझा दत्ता


वसई
१२ डिसेंबर २०२५

दत्तप्रसाद,

मी तुझ्या ‘गर्दीत’ नव्हते. जानेवारीत ढोल वाजत होते तेव्हा आम्ही दार लावून आत बसलो होतो, कारण डिसेंबरपासून आमच्या दारावर लोक थुंकून जात होते.

तुझं पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्पाय पॉइंट! माझ्या आजोबांनी दोन पोरं समुद्रात गेली म्हणून बांधलेला तो खुरीस आहे. त्याच्या शेजारी उभं राहून पुण्या-मुंबईची माणसं माझ्या बापाच्या अब्रूबरोबर फोटो काढणार, आणि त्या बदल्यात आम्हाला खोली फुकट? तू हे लिहिलंस तरी कसं? तुला बायको आहे, तीही शिक्षिका आहे, तिला वाचून दाखवलंस का हे पत्र?

तू बारा वर्षांचा होतास, मी अकराची. तू काय पाहिलंस ते तू मसाला लावून लिहिलंस. मी काय पाहिलं ते ऐक. गस्तीवाल्यांनी पापाला घरी आणलं तेव्हा तुझे वडील, गणपतकाका, पुढे होते. हातात पावाचा पत्र्याचा डबा होता. हाच तुझा ‘मुद्देमाल’. मेणबत्तीचा उजेड समुद्राकडे जाऊ नये म्हणून पापाने ती त्या डब्यात, जमिनीकडे तोंड करून ठेवली होती. ब्लॅकआउट पाळायचा म्हणूनच ना? खुणा करणारा माणूस दिवा डब्यात लपवतो का रे? तू पोरांना आयुष्यभर गणित शिकवलंस, एवढं समजलं नाही?

मग पोलिसांनी नेलं. परत आला तेव्हा त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पीठ मळणारा हात. भट्टी त्याने पुन्हा पेटवली, पण पाव घ्यायला कोणी आलं नाही. टोपली भरून घरोघर गेला, दारं बंद. मेमध्ये आम्ही वसईला मामाकडे आलो आणि पापा मरेपर्यंत दुसऱ्याच्या बेकरीत पाव मोजत राहिला. मोजायला एक हात पुरतो.

मला आजवर न सुटलेलं कोडं वेगळंच आहे. डिसेंबरात लादाइन कशाला? ती मेमध्ये असते. लढाई चालू असताना, अंधारात, समुद्रावर, कशासाठी जायचं होतं त्यांना? लहान असताना मी मांयला विचारलं की ती म्हणायची, “नवस होतो.” कुणाचा? गप्प. परवा तुझं पत्र वाचून मी पुन्हा विचारलं. शंकरकाका सुखरूप आल्याची ओळ ऐकून तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “माका माहीत आसा. पण मी सांगूचंय नाय. शबूद दिलंय.”

कुणाला शब्द दिला, हे विचारायची माझी ताकद नव्हती. तू विचार. तुझ्या आईला. ती तेव्हा शेजारच्या घरात होती. आणि तुझी पोस्ट ऐकून ती जेवली नाही हे वय झाल्यामुळे नसेल, एवढं तरी तुझ्या डोक्यात येऊ दे.

फ्लाव्हिया


खारवाडी
१८ डिसेंबर २०२५

प्रिय फ्लाव्हिया,

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

तुझं पत्र मी सारिकाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आधी आईंना विचारा, मग माझ्याशी बोला.” मी आईला विचारलं. मला वाटलं ती विसरली असेल. ती म्हणाली, “इतक्या वर्सांनी तरी कोणी विचारलांत.” मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, माझ्या शब्दांत घालायची हिंमत नाही:

“माझोच होतो तो नवस. शंकराची खबर नाय, रेडिओर बोट बुडल्याची बातमी. देवळात गाऱ्हाणां झालेलां, पण माझां मन थाऱ्यार नाय. शंकराक मी पोरासारखो वाढवलेलो. मी अ‍ॅनीक सांगलंय, तुमच्या सायबिणीक माझ्यासाठी सांग. ती म्हणाली, गो, दिवो लावूक बंदी आसा. लॉरेन्स म्हणालो, डब्यात लावया. मी थंयच सुरूंच्या झाडांत उभी होतंय. गस्त इली तशी अ‍ॅनीन माका ढकलल्यान, म्हणाली, पळ, घराक जा. मी पळालंय. दुसऱ्या दिवशी तिचे पाय धरलंय, कोणाक सांगा नको म्हणून. तुझो बापूस माका घरात ठेवतो काय? एका माणसासाठी दोन दारांत गाऱ्हाणां घातलां तर देवाचो मान जाता, असां सगळी वाडी म्हणतली होती. आणि आमचां तर मानाचां घर. पोलिसांनी लॉरेन्साक विचारल्यानी, तुझ्याबरोबर आणि कोण होतां? तो म्हणालो, आमचीच माणसां. मार खाल्ल्यान, पण माझां नाव घेवक नाय.”

आता मला कळलं: बाबा जिला घरी समजत होते ती आई झाडांत होती, आणि ज्याला पकडलं तो त्यांच्याच भावासाठी गुडघ्यावर बसला होता.

पोस्ट मी काढून टाकली आहे. मंगेशला बोर्ड लावू नको म्हणून सांगितलं, तो छापायलाही दिला होता म्हणून तो भांडला, पण मी ऐकलं नाही.

आता माझी एक विनंती आहे आणि ती मी हात जोडून करतो. हे इथेच थांबवू. तुला खरं कळलं, मला कळलं. बाबा हयात नाहीत. देवळातला आमचा मान अजून आहे, पालखी पहिल्यांदा आमच्या दारात थांबते. आता जर सगळ्यांना कळलं की आईने चोरून खुरसाकडे नवस केला होता आणि नंतर निरपराध माणसाला मार खाऊ दिला, तर लोक तिलाच बोलतील. एकोणनव्वदाव्या वर्षी. तिचा विचार कर.

अडचण अशी झाली आहे की सारिकाने आईचं बोलणं मोबाइलवर चित्रित केलं आणि मला न विचारता ग्रुपवर टाकलं. आईनेच सांगितलं म्हणे. पण ग्रुपवरचं काहीही माझ्या मंजुरीशिवाय दिसत नाही. तो व्हिडिओ माझ्याकडे मंजुरीसाठी पडून आहे. मी अजून काही केलेलं नाही.

दत्ता


वसई
२० डिसेंबर २०२५

दत्तप्रसाद,

तुझ्या आईबद्दल मला आत्ता काय वाटतंय ते मी लिहीत नाही. मलाच नीट कळत नाही. कधी तिच्या गळ्यात पडावंसं वाटतं, कधी ओरडावंसं वाटतं. माझ्या आईवरही ओरडावंसं वाटतं. नवऱ्याचा हात गेला, भट्टी गेली, गाव गेलं, आणि ही बाई शेजारणीला दिलेला शब्द सांभाळत बसली! पापावर तर सगळ्यांत जास्त. ‘आमचीच माणसां’ म्हणे. त्या माणसांनी त्याच्या हातचा पावही घेतला नाही. ते सगळं माझं मी बघेन.

पण तुझ्याबद्दल मला स्पष्ट कळतं, आणि ते लिहिते. तू पोस्ट काढलीस. शाबासकी हवी आहे का? शेकडो लोक हसून गेले, दुबईपर्यंत गोष्ट पोचली, आणि आता तू फळा पुसलास. पुसणं म्हणजे खरं सांगणं नव्हे. उद्या कोणी विचारलं तर ते म्हणतील, हो, तो हेर होता, दत्ता सरांनी लिहिलं होतं. हेर मोठ्या आवाजात आणि निरपराध कानात, हा कुठला न्याय?

आणि आईचा विचार कर, असं तू मला सांगतोस? तिचा विचार तिने स्वतः केलाय. ती कॅमेऱ्यासमोर बसली. तुझ्या बायकोने तो लावला. तेव्हा ती बाई तुझ्या बापाच्या धाकाने झाडांत उभी राहिली. आज तिला उजेडात यायचंय, तर ती तुझ्या बोटाच्या धाकात अडकलीय. फरक काय पडला, सांग ना. तेव्हा निदान गणपतकाकांना माहीत नव्हतं. तुला सगळं माहीत आहे आणि तरी तू पालखी कुठल्या दारात थांबेल याचा हिशोब करतोयस.

लोक तिला बोलतील म्हणतोस. बोलू देत. लोक माझ्या बापाला बोलले तेव्हा तुमच्या घरातलं कोणी मध्ये पडलं नाही. आता तुझ्या आईला बोलतील तेव्हा तू मध्ये पड. मुलगा आहेस ना?

यापुढे मला पत्र लिहू नकोस. व्हिडिओ दिसला तरच लिही.

फ्लाव्हिया


खारवाडी
२४ डिसेंबर २०२५

फ्लाव्हिया,

काल सकाळी मंजुरी दिली. खाली माझ्या नावाने लिहिलं, पूर्ण नावाने: लॉरेन्स हेर नव्हते, ते माझ्या काकासाठी प्रार्थना करत होते, मी जे लिहिलं ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे मला लिहिताना कळायला हवं होतं, कारण चणे मी खाल्ले होते.

धीटपणा माझा म्हणू नकोस. चार दिवस सारिका माझ्याशी बोलली नाही. आई रोज सकाळी विचारायची, “लागलां काय?” मी म्हणायचो, नेट नाही. परवा ती म्हणाली, “तुझ्या बापाशीन मी असांच खोटां बोललंय, नेट नव्हतां तेवा सुद्धा.”

तू हसण्याचे आकडे बघितले होतेस, म्हणून सांगतो. या वेळी फारसं कोणी काही दाबलेलं नाही. पुष्कळांनी बघितलंय, पण गप्प आहेत. दोघातिघांनी हात जोडलेत. एकाने लिहिलंय, “सर, जुनं कशाला उकरता?” मी त्याला उत्तर दिलंय. देवस्थान कमिटीतून फोन आला, तोही घेतला. मंगेश घरी येत नाही.

मावशीला दाखव. जमलं तर कळव.

दत्तप्रसाद


वसई
२७ डिसेंबर २०२५

दत्ता,

नाताळच्या दिवशी दुपारी दाखवला. जेवणं झाली होती, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, मी मुद्दाम सगळ्यांना बसवलं. मुलं, नातवंडं, मामाकडची माणसं. पापाला न पाहिलेली निम्मी होती. मला सगळ्यांदेखत हवं होतं.

मांयला आधी तुझी आई, आनंदीकाकी, ओळखूच आली नाही. “ही कोण म्हातारी?” म्हणाली. मग आवाज ऐकला आणि मोबाइल माझ्या हातातून ओढून घेतला. पूर्ण बघितला. ‘माझां नाव घेवक नाय’ इथे माझी मामेबहीण रडायला लागली, आणखी दोघी रडल्या. मी मांयकडे बघत होते. मला वाटलं, आता हीही रडेल, आता हिची छाती हलकी होईल, आणि मी तुला लिहीन की झालं, मिटलं.

ती रडली नाही. ती संतापली. इतकी संतापलेली मी तिला आयुष्यात पाहिलेली नाही. पापाला नेलं तेव्हा नाही, गाव सोडलं तेव्हा नाही. मोबाइल मांडीवर आपटला, आणि त्या काळ्या झालेल्या काचेकडे बघून, जणू काकी समोर बसलीय अशी, ओरडली:

“आनंदी, अख्खी चोपन्न वर्सां मी दात आवळून बसलंय! घोवाक मातयेत घातलंय, तरी तोंड उघडूक नाय. पोरीन विचारल्यान, तिका सुद्धा सांगूक नाय. आणि तू खुर्चेर बसान चा पिऊक लागतां तितक्या वेळात सांगान मोकळी झालंस? इतक्यां सोपां होतां गो ह्यां? मग तेव्हा कित्याक नाय सांगलंस?”

 

मी हे तुला चिडून लिहीत नाही. माझा राग खरं तर तुझ्या पत्रानंतर थोडा उतरला होता. पण मांयचा आता सुरू झालाय, आणि तो तिचा हक्काचा आहे, म्हणून मी तिला गप्प करत नाही. ती रोज मला विचारते, “तिचां उत्तर इलां?”

आनंदीकाकीला हे वाचून दाखव. शब्द मऊ करू नकोस, मालवणीतच वाच. आणि उत्तर ग्रुपवर टाकू नका. तिने ते मांयला फोन करून द्यायचंय. मांय फोनजवळच बसलेली असते.

फ्लाव्हिया